तिसरा भाऊ

आमच्या पणजोबांना भाऊ किती, या प्रश्नाला आमच्या घरात तीन उत्तरं मिळतात. फेरफार म्हणतो एक. हेळव्याची चोपडी म्हणते दोन. आजी म्हणायची, "दोनच, पन धाकला बसऱ्याला गेला," आणि लगेच भाकरी उलटायला वळायची. तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याला जाऊन पंधरा-वीस वर्षं उलटली असतील. जे काही होतं ते सासूच्या तोंडून ऐकलेलं.

हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारा, सुगी उरकली की यायचा. बैल दारात बांधायचा, सोप्यात घोंगड्यावर बसायचा आणि फडक्यात गुंडाळलेली चोपडी सोडायचा. कोरडी, कडा कुरतडलेली पानं. बोटाला थुंकी लावून पान उलटायचा आणि एका दमात म्हणत सुटायचा, अमक्याचा तमका, तमक्याला मुलगे तीन. थोरल्याचा वेल खाली उतरत उतरत थेट माझ्यापर्यंत यायचा. मधल्याचाही तसाच. तिसऱ्याच्या नावापुढं मात्र एक आडवी रेघ. विचारलं तर म्हणाला, "त्याचं पुढं चाललं न्हाई." आणि पायलीभर ज्वारी नि धोतराचं पान मागून मोकळा झाला. मूळ चोपडी मोडीत होती, आज्यानं नकलून घेतली, असंही त्यानं सांगितलं. नक्कल करताना माणूस रेघ बरोबर उतरवतो. तिच्याशेजारी बारीक अक्षरात काही असेल तर ते मात्र राहून जातं.

गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराचं पान, मी एका जाणकाराकडून वाचून घेतलं. खापरपणजोबा मयत, वारस मुलगे दोन. तलाठ्याला मी दोष देत नाही. फेरफार हा जमिनीचा हिशेब आहे, माणसांचा नव्हे. ज्याला बायको नाही, पोर नाही आणि जो वाटा मागायला हजर नाही, त्याची नोंद करून करायचं काय? शिवाय मधे १९१८ ची मानमोडी येऊन गेली होती. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत गावंच्या गावं आडवी झाली, आमच्या घरातली दोन माणसं गेली, त्यातली एक त्याची आई. त्याचं नाव लावा म्हणून जी हटून बसली असती, तीच उरली नाही. दोघा भावांनी मुद्दाम नाव गाळलं, असं आमचा एक चुलता आवेशानं सांगतो. मला ते पटत नाही. तसा डाव असता तर पुढं कधीतरी भांडणात तो बाहेर आलाच असता, आणि आमच्या घरात भांडणांना कधी तोटा नव्हता.

राहिला बसरा, इराकमधला. पहिल्या महायुद्धात साताऱ्याकडची पोरं मराठा पलटणींत भरती होत होती. शिपायाला महिना ११ रुपये पगार. जिरायत जमिनीवर राबून एवढी रोकड हाती पडणं अवघड. जनरल टाउनसेंडच्या हाताखालच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याहून त्या तैग्रिसच्या कडेनं वर सरकल्या, बगदादच्या अलीकडून मागं फिरल्या आणि कुतमध्ये अडकल्या. वेढा पाच महिने चालला. दाणागोटा संपला तेव्हा घोडी कापली. हिंदी शिपायांतल्या पुष्कळांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घेतलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यातली हजारो वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर मेली. "त्यानं घोडं खाल्लं न्हाई म्हनून मेला," हे आजीचं आणखी एक वाक्य. लहानपणी मला ते भाकडकथेसारखं वाटायचं.

बसऱ्याचं युद्धस्मारक १९२९ मध्ये उघडलं. चाळीस हजारांवर मृतांसाठी ते उभारलं, पण गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं आणि साध्या हिंदी शिपायाचा नुसता आकडा: अमुक पलटण, आणखी इतके हिंदी शिपाई. या भेदभावाबद्दल युद्धकबरींच्या आयोगानं माफी मागितली ती २०२१ मध्ये. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यानं त्या युद्धात ४६ माणसं गमावली. त्या गावानं तो आकडा छातीवर मिरवला, गावाला नावच मिलिटरी अपशिंगे पडलं. आमचा एकटा. एकट्याचा आकडा कोण मिरवणार!

आयोगाच्या संगणकावरच्या यादीत आता नावं सापडतात. त्याचं नाव म्हणजे चैत्री पुनवेच्या आसपास जन्मलेल्या निम्म्या पोरांना ठेवतात तेच, त्यामुळे यादी लांबलचक निघाली. चाळत चाळत एका ओळीवर थांबलो. नाव तेच, बापाचं नाव तेच, पलटण ११०, गाव वडगाव, जिल्हा सातारा. तालुका नाही. वडगाव आमचंच, पण साताऱ्यात वडगावं काय कमी आहेत? कऱ्हाडकडे एक, खटावात एक.

चुलतभावाला एवढंही पुरेसं आहे. त्यानं ती ओळ छापून चौकटीत बसवायला टाकलीय. आता तो देव्हाऱ्यातल्या वीराच्या टाकाकडं बोट दाखवून म्हणतो, ही चांदी त्याच्या मेडलचीच, आटवून केलेली. मेडलच्या कडेवर शिपायाचं नाव नि नंबर ठोकलेला असायचा, म्हणजे नावही त्यात आटलं म्हणायचं. पण तो टाक इतका झिजलाय की घोडा कुठला नि स्वार कुठला हे कळत नाही. शंभर वर्षांत घासून घासून एवढा झिजेल का, सराफाला विचारलं. तो म्हणाला, तीनशे वर्षांचाही असू शकेल.

चौकट भिंतीवर लागण्याआधी खटावातल्या त्या वडगावाला जाऊन यायचं मी ठरवलंय. मग कऱ्हाडकडच्या. तिथल्याही एखाद्या घरात फेरफारात एक भाऊ कमी भरत असेल, आणि त्यांच्याकडे आजीच्या दोन वाक्यांहून भक्कम पुरावा असेल, तर ती ओळ त्यांची. चौकटीसकट नेऊन देईन. चुलतभावाला अजून हे सांगितलेलं नाही.