नवोदयची परीक्षा आणि नातवाचे पोट

पावसाळा लागला, की आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळद आणि सोयाबीन यांच्या जोडीने आणखी एका गोष्टीची चर्चा पारावर सुरू होते. ती म्हणजे नवोदयचा अर्ज. मूल पाचवीत, आईवडील कामासाठी पुण्याला किंवा हैदराबादला आणि मुलाचा सांभाळ गावी आजी-आजोबांकडे, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. आपणही कदाचित त्यांपैकीच एक असाल. फोनवरून येणारी काळजी आईवडिलांची असते. परंतु पहाटे उठून मुलाला अभ्यासाला बसवणे, दूध देणे आणि त्याचे रडणे ऐकणे आपल्या वाट्याला येते. म्हणून हे चार शब्द आपल्यासाठी.

ही काळजी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या काळात ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी ही निवासी विद्यालये निघाली. पहिल्या दोहोंपैकी एक आपल्या महाराष्ट्रात, अमरावतीला होते. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय वसमतला आहे. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 जागा. त्यांतील किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एकतृतीयांश मुलींसाठी. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांत त्या सारख्या वाटल्या, असे क्षणभर धरले, तर तालुक्याच्या वाट्याला 16 येतात. देशभरात अलीकडे वीस लाखांहून अधिक अर्ज येतात आणि जागा पन्नास हजारांच्या आसपास आहेत. चाळिसांत एक! शिवाय सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. दुसऱ्या संधीसाठी मुलाला पुन्हा पाचवीत बसवण्याचा विचार काही घरांत होतो. नियमाला तो मान्य नाही आणि मुलाचे वर्ष मात्र वाया जाते.

आता माझ्या दवाखान्यातले सांगतो. थंडी पडू लागली, की पाचवीची मुले पोट धरून येतात. दुखणे बेंबीभोवती, बहुधा सकाळी, क्लासच्या वेळेला; रविवारी दुपारी मात्र मूल गोट्या खेळत असते. आजोबा म्हणतात, "डॉक्टरसाहेब, सोंग करतंय." वाचकहो, बहुतेक वेळा हे सोंग नसते. मेंदू आणि आतडे मज्जातंतूंनी एकमेकांशी जोडलेले आहेत. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि वेदना खरोखर जाणवते. तेव्हा मुलाला खोटे ठरवू नये. त्याचबरोबर प्रत्येक पोटदुखी परीक्षेच्याच माथी मारू नये. दुखण्याने मूल झोपेतून जागे होत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, उलट्या किंवा ताप थांबत नसेल, किंवा दुखणे बेंबीपासून दूर, उजव्या बाजूला खाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा तसे करू लागले आणि सारखे पाणी मागू लागले, तर रागावण्याआधी लघवीची आणि रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी. लहान मुलांनाही मधुमेह होतो. डोके दुखत असेल, तर डोळे तपासावेत. फळ्यावरचे दिसत नाही, हे मुलाला स्वतःला कळतेच असे नाही.

झोपेविषयी मात्र मी थोडा हट्टी आहे. या वयाच्या मुलाला चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप हवी. रात्री दहाला पुस्तक मिटवून पहाटे चारला उठवलेल्या मुलाला सहाच तास मिळतात. परीक्षा दोन तासांची, प्रश्न 80. त्यांतील निम्मे बौद्धिक क्षमतेचे, म्हणजे गटात न बसणारी आकृती, आरशातील प्रतिमा अशा प्रकारचे. उरलेले अंकगणिताचे आणि भाषेचे. आकृतीतला सूक्ष्म फरक टिपायला पाठांतर उपयोगी पडत नाही, ताजे डोके लागते. जागरणाने नेमके तेच मंदावते. वर्षभर घरापासून दूर ठेवणारी निवासी शिबिरे तर मला दहा वर्षांच्या मुलासाठी मुळीच पसंत नाहीत. सराव हवा, पण घरच्या जेवणावर आणि पुऱ्या झोपेवर तो होऊ शकतो.

निकालाच्या दिवशी काय बोलायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. यादीत नाव नसले, तर "एवढा खर्च केला" हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघू नये. आत्यांना आणि शेजाऱ्यांनाही तसे सांगून ठेवावे. चाळिसांपैकी एकोणचाळीस मुले बाहेर राहतात, ती ढ नसतात, हे मुलाने आपल्या तोंडून ऐकले पाहिजे. पुढे नववीत व अकरावीत रिक्त जागांवर प्रवेशाची वाट असते. शिवाय गावच्या शाळेतून शिकून मोठे झालेले लोक आपल्या भावकीतही असतीलच.

आणि नाव लागलेच तर? पेढे वाटून होतात, ट्रंक भरली जाते आणि मूल वसतिगृहात जाते. पहिले काही आठवडे ते रडते, मग बहुधा रुळते. घरी राहिलेल्यांकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचा रक्तदाब अशाच एका जुलैमध्ये एकाएकी वाढला. विचारपूस केली, तेव्हा उलगडा झाला. सकाळच्या गोळीची आठवण रोज नातूच करून देत असे. तो गेला आणि गोळीही चुकू लागली. जेवणही एका वेळेवर आले होते, कारण एकटीसाठी चूल कोण पेटवणार! आपल्या घरीही असे होणार असेल, तर मूल जाण्यापूर्वीच आठवड्याच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणून ठेवावी, ती भरायचे काम शेजारच्या सुनेकडे किंवा आशाताईंकडे सोपवावे आणि महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. आजींची डबी आता चहाच्या डब्याशेजारी असते.