चारी खोदण्याआधी

मागच्या आठवड्यात वरच्या वावरात पाइपलाइन न्यायला रस्त्याकडेने जेसीबीने चारी खोदली. नारंगी नळी तुटली. जुनी असेल म्हणून माती लोटली.

दोन दिवस गावात नेट नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा लागेना, ई-पीक पाहणी अपलोड होईना. पारावर सगळे कंपनीला शिव्या देत होते, मीही दिल्या. शेजारची म्हातारी बँकमित्राकडून रिकाम्या हाती परतली, तेव्हा राहवलं नाही. केबलवाल्या पोरांना जागा दाखवली, गावालाही सांगितलं.

खोदण्याआधी कळवायला सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप २०२३ पासून आहे. मला आता कळलं. नारंगी नळी दिसली की मशीन थांबवा. पीक पाहणीचा फोटो वावरातच काढून ठेवा, नेट आल्यावर अपलोड करा.