बर्फातला ट्रॅक्टर आणि आमची चिखलणी

प्रिय सखे,

तू ट्रॅक्टर घेतलास हे वाचून मी आधी एकटीच हसले, मग ह्यांना वाचून दाखवलं आणि दोघं मिळून हसलो. रागावू नकोस. पण सायकलला ब्रेक लावायचा सोडून खाली उडी मारणारी तू, आता ओंटारिओत दारातला बर्फ ट्रॅक्टरने लोटतेस! आणि डिसेंबरात पावणेपाचलाच काळोख होतो म्हणून मला विचारतेस, दिवे कुठले लावू?

तुला सांगते, बर्फ मी फ्रीजरपलीकडे पाहिलेला नाही, पण दिव्यांचं विचारायला घर बरोबर शोधलंस. आमचा मिनी ट्रॅक्टर १५ हॉर्सपॉवरचा. जुलैत पाऊस लागला की अख्ख्या आळीला एकाच आठवड्यात चिखलणी हवी असते, त्यामुळे रात्री दहापर्यंत हे वावरात. अणुवीज केंद्र १९६९ पासून आपल्या उशाला आहे, पण पावसात आपल्या गावातला काळोख कसा असतो, ते तुला वेगळं सांगायला नको.

म्हणून ह्यांनी हौसेने १२० वॅटचा लांबलचक एलईडी बार आणला आणि छताच्या पुढच्या कडेला ठोकला. पहिल्या रात्री चालू केला तर सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "तुमच्या लग्नातसुद्धा एवढा उजेड नव्हता." आळीतली पोरं चिखलात नाचायला आली. मग पाऊस आला आणि ह्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहिली! दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ, त्यामुळे प्रत्येक थेंबावरचा उजेड उलटून थेट तोंडावर. वर बॉनेटची चकाकी. बांध दिसलाच नाही. पुढचं चाक शेजारच्या काकांच्या राबात. काका तीन दिवस बोलले नाहीत, चौथ्या दिवशी स्वतःच्या चिखलणीसाठी आले.

पडणारा बर्फही हेच करणार, बघ. तुझ्या ट्रॅक्टरला सीटमागे लोखंडी कमान असेल, तर पुढचे दिवे तिच्यावर लावायचा मोह आवर. आम्ही शेवटी बार काढला आणि १८ वॅटचे दोन चौकोनी दिवे पुढे, खाली, दोन्ही बाजूंना क्लॅम्पने बसवले. एका रेषेत लांब जाणारा झोत घेऊ नकोस, पसरणारा घे. तुला बाणगंगेपलीकडचं बघायचं नाही, दहा-पंधरा पावलं नीट दिसली की झालं. रंग पिवळसर. डोळ्यांना सोसतो आणि आमच्याकडे किडेही कमी येतात. फक्त बर्फ लोटायचं पातं वर उचललं की दिवा झाकला जाणार नाही, एवढं आधी दिवसा बघून घे. मागेही एक लाव. आमचा रोटाव्हेटरवर पडतो. तू रिव्हर्स घेताना कुठे बघतेस ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगते!

वायरिंगची गोष्ट ऐक. तो बार ह्यांनी थेट हेडलाइटच्या स्विचला जोडला होता. १२ व्होल्टला १२० वॅट म्हणजे १० अँपिअर, आणि ती बारकी वायर! जळका वास आला तेव्हा मला वाटलं, शेजारी कुणी बोंबील करपवले. चिल्हार फाट्यावर ट्रकची कामं करणाऱ्या वायरमनने मग अडीचची वायर, रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवून दिला. आता पुढचे दोन्ही दिवे मिळून ३ अँपिअर ओढतात, डायनामोला जाणवतही नाही. टर्मिनलला पेट्रोलियम जेली चोपड. इथे खारं वारं तांबं हिरवं करतं, तुमच्याकडे रस्त्यावर मीठच टाकतात.

एका बाबतीत मात्र माझी अक्कल चालत नाही. एलईडीची काच गरम होत नाही, त्यामुळे तिकडे सिग्नलवरसुद्धा बर्फ साचून राहतो, असं तूच सांगितलं होतंस. जुने हॅलोजन तापायचे, बर्फ वितळवायचे, पण एकेक ५५ वॅट खायचे. तेव्हा एलईडीच लाव आणि सीटखाली एक मऊ झाडणी ठेव. आमच्याकडे ते काम बेडूक पुसायला फडकं करतं. खरंच, काचेवर चढून बसतात गं!

सासूबाई विचारतात, तिथे बर्फात काय पेरतात? मी सांगितलं, काही नाही, नुसता बाजूला सारतात. त्यांना फार वाईट वाटलं तुझं.

दिवे बसवलेस की रात्रीचा फोटो पाठव, ट्रॅक्टरवर बसलेली तू दिसशील असा. मला ह्यांना पैजेत हरवायचं आहे.

तुझीच