कणकुंबीची पहाट आणि गाडीची चिरचिर

भाचीच्या साखरपुड्याला साखळीला निघालो होतो. रात्री कणकुंबीत आत्याकडे मुक्काम. मलप्रभेच्या उगमाचं हे गाव. डिसेंबरात इथं दव असं पडतं, की अंगणातली गाडी धुतल्यासारखी दिसते.

सकाळी चावी फिरवली आणि बॉनेटखालून चिर्रर्र! मिनिटभरानं आवाज थांबला. "दवानं झालं असेल, निघू या," मी म्हणालो. पण पुढं चोर्ल्याची वळणं आणि मागच्या सीटवर सासूबाई. आत्येभावानं मेस्त्रींना बोलावलंच.

मेस्त्रींनी हेडलाईट, एसी लावायला सांगितलं. चिरचिर परतली. मग आत्याचा तांब्या मागून, हात जपून, फिरत्या पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. आवाज वाढला.

"बेल्ट लूज आगैत्री," ते सासूबाईंना म्हणाले. मला मराठीत समजावलं: पाण्यानं आवाज क्षणभर थांबला असता, तर कप्पी सरळ रेषेत आहे का ते बघावं लागलं असतं, वाढला, म्हणजे पट्टा ढिला. स्टार्टर बॅटरी खातो, ती भरताना अल्टरनेटरवर ताण येतो आणि ढिला पट्टा घसरतो. दव निमित्तमात्र.

"तुमच्या गाडीत पाण्याचा पंप नि पॉवर स्टिअरिंग याच पट्ट्यावर हाय. घाटात तुटला असता तर?"

मी गप्प. त्यांनी पट्टा ताणला, चिरा दाखवल्या आणि साखळीत नवा घालायला बजावलं.

घाटभर सासूबाईंनी रेडिओ लावू दिला नाही.