काळ्याच्या अलीकडचे दोन रंग

पांढऱ्याची छटा कुणीही निवडावी, पण काळ्याच्या अगदी अलीकडे थांबलेले दोन रंग समोर आले की पुण्यातल्या या जुन्या रंगाऱ्याची झोप उडते. सध्या एका अभ्यासिकेच्या भिंतींसाठी त्याच्यापुढे गडद निळा आणि गडद हिरवा आहे. रात्री पिवळ्या दिव्याखाली दोन्ही कोळसा. सकाळी खिडकी उघडली की वेगळे होतात, पण किती वेगळे, हे ठरता ठरत नाही.

दोन्ही पट्टे एकाच भिंतीवर शेजारीशेजारी मारणाऱ्यांवर त्याचा भारी राग. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात एकेकाळी तक्रार होती, की निळ्या-जांभळ्या सुताशेजारी काळं सूत मरगळलेलं दिसतं. रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रलने शोधून काढलं, की खोट रंगाईत नाही, शेजारात आहे. त्यावरचं त्याचं पुस्तक १८३९ मध्ये आलं. रंगाऱ्याने शेव्ह्रलचं नावही ऐकलेलं नाही. तरी तो दोन वेगळ्या प्लायवर दोन-दोन हात मारतो, पुरते वाळू देतो (ओलं इमल्शन फिकं दिसतं) आणि एकेक फळी खोलीभर फिरवतो. मोबाइलवर शेड दाखवणाऱ्या डेकोरेटरांविषयी तो जे बोलतो, ते इथे छापता येणार नाही.

यंदा मात्र घोळ वाढला. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि ज्याला तो इतकी वर्षं ‘काळाच’ म्हणत आला, तो निळा एकदम निळा दिसू लागला. पिकलेलं नैसर्गिक भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड अडवतं. १९२३ मध्ये चित्रकार मोनेच्याही उजव्याच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्याआधी तो ट्यूबवरची नावं वाचून रंग घेई.

आता हा रंगारी एक डोळा मिटून फळी बघतो, मग दुसरा. उजवा म्हणतो निळा, डावा म्हणतो हिरवा. घरमालक साठीपुढचे, त्यांना डाव्यासारखं दिसत असणार, म्हणून हिरवाच लावा, असा त्याचा कौल. मालकांच्या सुनेला निळा हवा आहे.

पुढचं काम त्याला पाठ आहे: गडद बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य नावालाच, म्हणून खाली करडा प्रायमर, वर तिसरा हात, आणि लांबीतली एकेक लाट तिरक्या उजेडात उघडी पडणार. डाव्या डोळ्याची तारीख डॉक्टर मागताहेत. तो टाळतो. शहरात दोन नजरांचा रंगारी आपण एकटेच, ही मिजास त्याला इतक्यात सोडवत नाही.