परभाषेची मधली पायरी

कोणतीही परभाषा शिकू लागणे फारसे कठीण नाही, आणि ती पूर्ण आलेल्या मनुष्यास तर तिचे ओझे वाटतच नाही. कठीण असते ती या दोहोंमधली पायरी. आरंभीचा विद्यार्थी चार शब्द बोलला तरी लोक त्याचे कौतुक करितात, आणि पारंगत मनुष्याच्या बोलण्याकडे परका म्हणून कोणी पाहत नाही. मधल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याची स्थिती मात्र विलक्षण असते. त्यास पुष्कळ समजते, परंतु जे समजले त्यास उत्तर देता येत नाही. या पायरीवर सन २०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही स्पेन देशात चार आठवडे काढिले. त्या अनुभवातील जे आमच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते, तेवढेच येथे सांगण्याचा विचार आहे.

शाळा सुटल्यानंतर इच्छुक मुलांसाठी स्पॅनिश भाषेचा एक वर्ग चालवावा असे आपल्या शाळेत ठरले, आणि ते काम आमच्याकडे आले. युरोपात परभाषेच्या ज्ञानाच्या ६ पायऱ्या मानितात. कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात त्यांस ए-१ पासून सी-२ पर्यंत नावे दिलेली आहेत. पहिल्या दोन पायऱ्या आम्ही पुण्यास संध्याकाळच्या वर्गात पुऱ्या केल्या होत्या. तिसरी, म्हणजे बी-१, ही मध्यम पायरी होय. तिच्या परीक्षेत उतरल्यावाचून मुलांपुढे उभे राहणे योग्य नव्हे असे शाळेचे मत पडले, व आम्हांसही ते पटले. रजा चार आठवड्यांची, परीक्षा शेवटच्या शुक्रवारी, आणि आमच्या वयाची ४५ वर्षे उलटलेली. अशा तयारीने आम्ही निघालो.

आम्ही गेलो ते सालामांका नगर माद्रिदच्या पश्चिमेकडे सुमारे २०० किलोमीटरांवर, तोर्मेस नदीच्या काठी वसलेले आहे. नदीवर रोमन लोकांच्या वेळचा पूल अद्याप उभा आहे. जुन्या इमारती जवळच्याच बियामायोर गावच्या वालुकाश्माच्या आहेत. त्या दगडात लोहाचा अंश असल्यामुळे काळ जाईल तसा तो सोनेरी होत जातो, आणि संध्याकाळी सारे नगर आतून उजळल्यासारखे दिसते. जुलैमध्ये रात्री साडेनऊ वाजताही तेथे ऊन असते. येथील विद्यापीठाची स्थापना १२१८ साली झाली, व २०१८ साली त्यास ८०० वर्षे पुरी झाली. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरील कोरीव कामात एका कवटीवर बसलेला लहानसा बेडूक आहे. तो ज्यास आपल्याआपण सापडेल तो परीक्षेत उतरतो, अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे. परीक्षेचे भय सर्व देशांत एकाच जातीचे असते असे तो बेडूक पाहून आम्हांस वाटले.

परंतु भाषेच्या शिक्षकास या नगराचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. आंतोनियो दे नेब्रिहा या विद्वानाने लिहिलेले कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचे व्याकरण १४९२ साली येथेच छापून निघाले. कोलंबस ज्या ऑगस्ट महिन्यात आपली गलबते घेऊन निघाला, त्याच महिन्यातील ही गोष्ट होय. लोकांच्या नित्याच्या भाषेसही लॅटिनप्रमाणे नियम आहेत असे या ग्रंथाने दाखवून दिले. त्याचा पाचवा भाग तर परकी भाषा बोलणाऱ्या व कास्तिलियन शिकू इच्छिणाऱ्या लोकांसाठीच लिहिलेला आहे. आमच्यासारख्यांची काळजी त्या गृहस्थाने पाचशे वर्षांपूर्वीच वाहिली होती, हे कळल्यावर वर्गात बसावयास धीर आला.

वर्गात आम्ही एकंदर ११ जण होतो. जर्मन, जपानी, अमेरिकन, ब्राझिलियन असे नाना देशांचे तरुण होते. बहुतेकांचे वय विशीच्या आतबाहेरचे. आमच्या शिक्षिकाबाई सुमारे तीस वर्षांच्या असाव्यात. सकाळी नऊपासून दोनपर्यंत पाठ, अडीच-तीनला जेवण, संध्याकाळी पुन्हा संभाषणाचा तास, आणि रात्री दुसऱ्या दिवसाचे लेखन, असा आमचा क्रम असे. वर्गात सर्व विद्यार्थी बाईंस नावाने व 'तू' म्हणून हाक मारीत. आदरार्थी 'उस्तेद' हा शब्द स्पॅनिशमध्ये आहे, व तो पूर्वीच्या 'आपली कृपा' अशा अर्थाच्या संबोधनापासून झालेला आहे. तथापि आज स्पेनमध्ये त्याचा वापर कमी झाला आहे. गुरूस 'तू' म्हणणे आमच्या जिभेस जड गेले. परंतु त्या देशाची रीत ती आमची रीत, असे समजून आम्ही तेही शिकलो.

आता व्याकरणाविषयी. मराठी मनुष्यास स्पॅनिशमध्ये काही वाटा आयत्याच मोकळ्या सापडतात. 'मे गुस्ता एल पान' म्हणजे 'मला पाव आवडतो'. दोन्ही भाषांत पाव हा कर्ता आहे, आणि खाणारा मनुष्य 'मला' होऊन बाजूस उभा आहे. आमचे इंग्रजी बोलणारे सोबती या एका रचनेपाशी आठवडाभर अडले होते. तसेच, 'मी पुस्तक पाहतो' परंतु 'मी मित्राला पाहतो' असा भेद आपण करितो. स्पॅनिशमध्येही पुस्तक नुसतेच येते, आणि मित्राच्या आधी मात्र 'आ' हा शब्द लावावा लागतो. मनुष्य व वस्तू यांस एकाच मापाने मोजू नये, ही सभ्यता दोन्ही भाषांनी आपापल्या ठिकाणी राखिली आहे. 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ' हे वर्ण निराळे उच्चारण्याची सवय आपणांस लहानपणापासून असते. तीही तेथे कामास येते. पोर्तुगीज ही तर स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्या वाटेने मराठीत आलेले पाव, साबण, चावी, पगार, पाद्री हे शब्द तेथे पान, हाबोन, याबे, पागार, पाद्रे अशा रूपांनी भेटतात, आणि परक्या गावी आपल्या गावचा मनुष्य भेटावा तसे वाटते.

पण सर्वच वाटा मोकळ्या नाहीत. आपले एक 'आहे' तेथे दोन क्रियापदांत विभागलेले आहे: 'सेर' आणि 'एस्तार'. मनुष्य शिक्षक आहे येथे 'सेर', तो थकला आहे येथे 'एस्तार'. कायमच्या गुणास पहिले व बदलत्या अवस्थेस दुसरे, असा नियम आरंभीच्या पुस्तकांत सांगतात. एके दिवशी आमच्या वर्गातील जर्मन तरुणाने विचारिले, "मग 'तो मृत आहे' या वाक्यात 'एस्तार' का? मृत्यूहून कायमचे दुसरे काय आहे?" बाई क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "किती काळ राहिला हे 'एस्तार' मोजीत नाही. मनुष्य कोठल्या अवस्थेस येऊन पोचला, एवढेच ते सांगते." नियम मोडतो तेथेच भाषा खरी कळू लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरी अवघड गोष्ट भूतकाळाची. एकदाच घडून संपलेल्या क्रियेस एक रूप, आणि पूर्वी घडत असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या क्रियेस दुसरे. आपल्याकडे 'तो बोलला' आणि 'तो बोलत असे' यांत जो भेद आहे, तोच हा. दुसऱ्या रूपासाठी बाईंनी याच विद्यापीठातील एका अध्यापकाची आख्यायिका सांगितली. फ्राय लुईस दे लेओन यांनी शलमोनाच्या गीतरत्नाचे लोकभाषेत भाषांतर केले होते, आणि शास्त्राच्या प्रचलित लॅटिन पाठाहून मूळ हिब्रू पाठास ते अधिक मान देत. या व अशा आरोपांवरून धर्मन्यायासनाने त्यांस १५७२ पासून १५७६ पर्यंत, चार वर्षांहून अधिक काळ, कैदेत ठेविले. सुटून आल्यावर ते पुन्हा वर्गात गेले, आणि काल आपण जे म्हणत होतो ते असे, अशा अर्थाच्या शब्दांनी त्यांनी व्याख्यानास आरंभ केला, अशी कथा आहे. त्यांच्या नावाचा जुना वर्ग, ओबडधोबड तासलेल्या लाकडांच्या बाकांसह, तेथे आजही दाखवितात. त्या कथेतील क्रियापद 'म्हणत होतो' असे अपूर्ण भूतकाळाचे आहे. 'म्हणालो' असते तर गोष्ट कालच संपली असती.

तिसरी व सर्वांत मोठी अडचण 'सुब्हुन्तिबो' या अर्थाची. जे घडले नाही, परंतु घडावे असे वाटते, त्याविषयी बोलताना क्रियापदाचा शेवट बदलतो. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यातील 'यावेस' हे आपले तसलेच रूप होय. या रूपाच्या आधी स्पॅनिश लोक पुष्कळदा 'ओहाला' हा शब्द घालितात. तो अरबी भाषेतून आलेला आहे, व 'ईश्वराची इच्छा असली तर' हा त्याचा मूळ भाव होय. आम्ही या धड्याचे रिकाम्या जागा भरण्याचे दोन कागद पुरे केले, व त्यांवर चांगले गुणही मिळाले. परंतु कागदावरचे रूप जिभेवर आले नव्हते.

आम्ही ज्या घरी पैसे भरून राहत होतो, त्या घरच्या बाई सत्तरीच्या पलीकडच्या विधवा होत्या. जेवणानंतर मेजापाशीच बोलत बसण्याची तेथे रीत आहे; तीस 'सोब्रेमेसा' असे नाव आहे. त्या वेळी त्या पुष्कळ बोलत व आम्ही ऐकत असू. वयाचा मान म्हणून आम्ही त्यांस 'उस्तेद' म्हणत असू, व त्याचे त्यांस हसू येई. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी दूरध्वनी आला. त्यांची वडील बहीण गावी वारली होती. थोड्याच वेळात शेजारच्या बाया जमल्या. प्रत्येकीने जवळ येऊन, तुमच्या दुःखात मी तुमच्या सोबत आहे, अशा अर्थाचे ठरीव शब्द उच्चारिले, आणि मग 'के एन पाथ देस्कान्से' असे म्हटले. म्हणजे, 'तिला शांती लाभो'. ते शब्द कानी पडताच आमच्या लक्षात आले की, 'देस्कान्से' हे तेच रूप, ज्याचे दोन कागद आम्ही भरले होते. आणि आपले 'लाभो' हेही तेच. प्रभूच्या प्रार्थनेत लहानपणापासून आम्ही जी क्रियापदे म्हणत आलो, त्यांचाही शेवट हाच. ज्या रूपास आम्ही परके समजत होतो, ते आमच्या तोंडी रोज सकाळ-संध्याकाळ होते.

आमची पाळी आली तेव्हा आम्ही तेवढेच म्हणालो, आणि गप्प राहिलो. पुढे काय बोलावे हे मराठीत आम्हांस ठाऊक होते, स्पॅनिशमध्ये नव्हते. शेजारणी गेल्यावर बाई आमच्यासमोर बसल्या आणि बहिणीविषयी बोलू लागल्या. ती पहाटे उठत असे, विहिरीचे पाणी आणीत असे, धाकट्या बहिणीची वेणी घालीत असे, रागावली म्हणजे गाणे म्हणत असे. तासभर त्या बोलत होत्या. त्या साऱ्या तासात जवळजवळ प्रत्येक क्रियापद 'असे'च्या रूपाचे होते. 'वारली' हे संपलेल्या क्रियेचे रूप एकदाच आले, व तेही अगदी शेवटी. शोक करणारे मनुष्य कोणत्या काळात बोलते, हे कोणत्याही व्याकरणात आम्ही वाचलेले नाही. परंतु त्या दिवशी ते आम्हांस कळले, आणि एकही शब्द चुकला नाही. जाताना त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगले ऐकता." आजवर त्यांनी आम्हांस 'तू' म्हटले होते, तेवढ्या एका वाक्यात त्या 'उस्तेद' म्हणाल्या.

मधल्या पायरीचा खरा लाभ तो हाच, असे आम्हांस वाटते. या पायरीवर कान जिभेच्या पुढे गेलेला असतो. विद्यार्थ्यास ती स्थिती लाजिरवाणी वाटते व तो तीतून पळू पाहतो; पुष्कळ जण तर येथेच भाषा सोडून देतात. परंतु ज्यास उत्तर देता येत नाही, त्यास दुसऱ्याचे बोलणे मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकावे लागते, आणि जगात अशा मनुष्याची उणीव फार आहे. शेवटच्या शुक्रवारी परीक्षा झाली व आम्ही उतरलो. लेखनाहून श्रवणात आम्हांस अधिक गुण मिळाले, याचे आम्हांस आश्चर्य वाटले नाही.

चार आठवड्यांत एक पायरी चढते, जिना चढत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थ १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले. मधली ३७ वर्षे त्यांनी कितीतरी लोकांचे बोलणे ऐकण्यात घालविली असतील! आपल्या भाषेवर प्रेम करणाऱ्या त्या परक्या मनुष्यासही मधली पायरी चुकली नसेल.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी बहुतेक जण इंग्रजीच्या मधल्या पायरीवर आहात. तेथे उभे राहावयाची लाज वाटू देऊ नका. रोज एक गोष्ट कोणाकडून तरी सबंध ऐका, आणि ती दुसऱ्यास पुन्हा सांगा. नियम पाठ करा, पण तो मोडलेला दिसला तर तेथे थांबून कारण विचारा. नवे रूप आले म्हणजे ते मराठीत कोठे लपले आहे, याचा आधी शोध करा. पुष्कळदा ते घरातच सापडेल.

स्पॅनिशचा वर्ग सन २०२४ च्या जूनपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयाशेजारच्या खोलीत भरतो. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी एक कोरी वही आणावी. पहिला पाठ 'मला पाव आवडतो' या वाक्याचा आहे.