महमूद शहाबद्दल मी चुकीचं शिकवलं

मुखेडात इतिहास शिकवताना एक वाक्य मी वर्षानुवर्षं ठासून सांगितलं: महमूद शहा बहमनी दुबळा आणि विलासी निघाला, म्हणून राज्याचे पाच तुकडे झाले. उत्तरपत्रिकेत मुलं तेच लिहायची आणि मी पूर्ण गुण द्यायचो. ते वाक्य आज मी मागे घेतो आहे.

एकदा धड्यासाठी नकाशा काढायला बसलो. कोणता मुलूख कोणत्या सरदाराकडे, ते लाल पेन्सिलीने भरत गेलो. अहमदनगरला मलिक अहमद, विजापूरला यूसुफ आदिलखान, वऱ्हाडात इमादुल्मुल्क. औसा, कंधार, उदगीर ही आपल्या रोजच्या एसटीच्या पाट्यांवरची गावं, तीही कासीम बरीदकडे. आणि तो खुद्द राजधानी बीदरात वजीर होऊन बसलेला. सुलतानासाठी रंगवायला जागाच उरली नाही.

1482 मध्ये महमूद गादीवर आला तेव्हा तो 12 वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याच्या वडिलांनी बनावट पत्रावर विश्वास ठेवून वजीर महमूद गवानला ठार करवलं होतं. गवानने चार तरफांच्या (प्रांतांच्या) आठ केल्या, तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाची माणसं नेमली. सरदारांना सलत होतं ते हेच. गवान गेल्यावर त्यांना आवरणारं कुणी राहिलं नाही. त्या लेकराच्या चैनीचे किस्से खरेही असतील. पण राज्य त्याच्या चैनीने बुडालं नाही.

चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या लू राज्यात असंच घडलं. तीन घराण्यांनी फौज आधीच वाटून घेतली होती. इ.स.पू. 517 मध्ये राजा झाओ त्यांच्यावर उलटला, हरला आणि परमुलखात वारला. तो धाडसी होता, तरी निभावलं नाही.

बीदरजवळ अष्टूरला आधीचा बहमनी सुलतान अहमद शहा वली याचा भव्य घुमट आहे आणि शेवटच्या सुलतानांची लहानशी थडगी. सहलीत मी म्हणायचो, ‘माणसं खुजी झाली की थडगीही खुजी होतात.’ त्या बोलण्याची आता लाज वाटते. शहराच्या दुसऱ्या बाजूला कासीम बरीदच्याच घराण्यातल्या अली बरीदचा उंच मकबरा उभा आहे. सुलतानाचं वैभव कुणाच्या घरी गेलं, ते तो सांगतो.

आता राजाच्या स्वभावाआधी मी विचारतो: किल्ले, महसूल, फौज कुणाच्या हाती होती? माझं जुनं वाक्य पाठ केलेली मुलं आज आपल्या लेकरांचा अभ्यास घेत असतील. हे त्यांच्यासाठी लिहिलं.